टायगर बार्बसोबत एंजल ठेवू नका
दुकानातल्या टाकीत एकत्र पोहताना दिसले म्हणून टायगर बार्ब आणि एंजल हे मासे सोबत घरी आणू नका. लांब, झुलणारे पर दिसले की बार्ब ते कुरतडतात. गप्पी आणि फायटरचेही तेच हाल होतात. बार्ब हवेच असतील तर किमान ६ ते ८ घ्या, म्हणजे त्यांची दांडगाई बरीचशी आपसातच राहते. सोबतीला चपळ, आखूड परांचे झेब्रा डॅनिओ उत्तम. एंजल मोठा झाला की छोटे निऑन टेट्रा गिळतो, हेही विसरू नका. गोल्डफिशला मात्र वेगळीच टाकी द्या. त्याला १८ ते २२ अंश सेल्सिअसचं थंड पाणी मानवतं, एंजल-गप्पींना २४ ते २७ अंशांचं. मासा पूर्ण वाढल्यावर केवढा होतो, हे विचारूनच विकत घ्या.