बरेच महिने उभ्या असलेल्या मोटरसायकलचं पेट्रोल कुठून गळतं, ते कसं शोधायचं

उन्हाळाभर कोठ्यात कुटाराच्या बाजूला उभी असलेली जुनी स्प्लेंडर किंवा बॉक्सर पेरणीच्या तोंडावर बाहेर निघते. टाकीखालचा पेट्रोलचा कॉक चालू केला की खाली टपटप सुरू. थेंब पडतो तिथेच गळती असते असं नाही. पेट्रोल ओघळत सगळ्यात खालच्या टोकाला येऊन मग टपकतं. (एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 गाड्या बहुतेक इंजेक्शनच्या असतात, त्यांची तपासणी वेगळी.)

आधी कॉक बंद करून गाडी अंगणात घ्या. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत साचते. भाव वाढायची वाट पाहत कापूस घरातच भरून ठेवला असेल किंवा शेजारी पऱ्हाटीचा ढीग असेल, तर हे काम तिथे करूच नका. चूल आणि बिडी दूर.

आता किक मारायच्या आधी ऑइलची डिपस्टिक (पातळी मोजायची काडी) काढून हुंगा. गळती बाहेरच दिसते असं नाही. कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) ओव्हर झाला, म्हणजे त्याची वाटी भरून पेट्रोल उतू गेलं, आणि हे जादा पेट्रोल बाहेर सोडणारी ओव्हरफ्लोची नळी तुंबलेली असली, तर पेट्रोल इंजिनात उतरतं, पिस्टनच्या कडेने खाली जाऊन ऑइलमध्ये मिसळतं. आपल्याकडे ही नळी तुंबवायचं काम कुंभारमाशी करते. उभ्या गाडीच्या नळीत ती मातीचं घर बांधते. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल किंवा पातळी वरच्या खुणेपलीकडे गेली असेल, तर गाडी चालू करू नका. गळती काढून झाल्यावर ऑइल बदला, नाहीतर पातळ झालेल्या ऑइलवर बेअरिंग आणि सिलिंडर घासतात. प्लग काढून चार-पाच किक मारा, सिलिंडरमधलं पेट्रोल बाहेर पडेल. तेव्हा प्लगची कॅप छिद्रापासून लांब ठेवा आणि चावी बंद असू द्या.

मग गाडी मेन स्टँडवर घ्या. साइड स्टँडवर कार्बोरेटर कलतो आणि फ्लोटचा (वाटीतल्या पेट्रोलवर तरंगून पातळी सांभाळणाऱ्या भागाचा) अंदाज चुकतो. टाकीच्या बुडापासून कार्बोरेटरपर्यंत सगळं चिंधीने कोरडं पुसा आणि वर थोडी टाल्कम पावडर भुरभुरा. कॉक चालू करून बघत बसा. पावडर सगळ्यात वर जिथे पहिल्यांदा ओली होईल, गळती तिथेच.

कॉक आणि टाकीच्या जोडावर ओल दिसली तर तिथली रबरी रिंग गेली. ही गळती कॉक बंद असतानाही चालूच राहते. कॉकच्या दांडीच्या मागून येत असेल तर आतला भोकांचा रबरी वायसर वाळलेला असतो. कॉक बंद असूनही पेट्रोल आतून जातं का, हे पाहायला खालची नळी काढून बाटलीत सोडा आणि दहा मिनिटं थांबा. एक थेंबही यायला नको.

नळी दोन्ही टोकांना वाकवून पाहा. चिरा तिथेच पडतात, आणि उंदरांनी कुरतडलेली असली तरी कळतं. बदलताना जुना तुकडा दुकानात नेऊन त्याच मापाची पेट्रोलची नळी आणा. सलाइनची किंवा फवारणी पंपाची नळी जोडायची सवय खूप ठिकाणी आहे. सलाइनची नळी पेट्रोलने कडक होते आणि महिन्या-दोन महिन्यांत टोकाशी सुटते.

सगळ्यात जास्त गाड्या गळतात त्या ओव्हरफ्लोच्या नळीतून. इथे लगेच कार्बोरेटर खोलू नका. बऱ्याच कार्बोरेटरमध्ये खालच्या वाटीचा ड्रेन स्क्रू त्याच नळीत उघडतो, म्हणून आधी तो हलक्या हाताने कसून पाहा. थांबलं नाही तर वाटीवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने दोन-तीन टिचक्या मारा. तेवढ्याने थांबलं तर निडल (फ्लोट वर आला की वाटीत येणारं पेट्रोल बंद करणारी सुई) चिकटली होती. आपल्या 45 अंशांच्या उन्हात वाटीतलं पेट्रोल उडून जातं आणि मागे डिंकासारखा थर राहतो, तोच निडलला धरून ठेवतो. पुन्हा गळलं तर मात्र वाटी खोलावीच लागेल.

ड्रेन स्क्रू सैल करून वाटीतलं पेट्रोल पारदर्शक बाटलीत धरा. हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल पाणी ओढतं. बुडाशी वेगळा थर दिसला तर टाकीतलं सगळं पेट्रोल काढून टाका.

वाटीचे स्क्रू काढल्यावर फ्लोटची पिन जपून सरकवा, तिचे खांब ठिसूळ असतात. निडलचं टोक उजेडात धरा आणि त्याच्या उतारावर नख फिरवा. गोल खाच नखाला लागली तर निडल नवी घाला, पुसून भागणार नाही. तिच्या मागची बारीक स्प्रिंगची पिन दाबली की परत आली पाहिजे. निडल बसते ती पितळी जागा कानकाडीला पेट्रोल लावून साफ करा. तार किंवा पॉलिश पेपर लावला की ती कायमची गेली. फ्लोट कानाशी हलवा. आत खळखळ ऐकू आली तर तो फुटका आहे.

निडल आणि फ्लोट जोडून झाल्यावर, वाटी लावायच्या आधी, कार्बोरेटर उलटा धरा आणि पेट्रोलच्या तोंडातून स्वच्छ नळीने फुंका. फ्लोटच्या वजनाने निडल बसलेली असताना हवा जायला नको, फ्लोट बोटाने उचलला की जायला हवी.

वाटीच्या सांध्याची रिंग एकदा बाहेर काढली की फुगते आणि खाचेत बसत नाही; नवीच घ्या. सिलिकॉन लावून जुगाड करू नका, त्याचे कण जेटमध्ये (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या बारीक भोकात) अडकतात.

टाकीच्या बुडाची शिवण गंजून झिरपत असेल तर एम-सील तात्पुरतं चालतं. रिकाम्या टाकीत वाफ उरते आणि तिचा स्फोट होतो, म्हणून वेल्डिंग फक्त टाकी पूर्ण धुऊन देणाऱ्या कारागिराकडेच.

सगळं बसवून कॉक चालू ठेवा. अर्धा तास ओव्हरफ्लो कोरडा राहिला, तर किक मारा.