घरच्या चप्पलधंद्याची घडी कशी बसवावी

कोल्हापुरात आमचं घरचं चपलांचं दुकान आहे. हिशेब आणि ऑनलाइन ऑर्डरी मी बघते. तुमच्याही घरी असा धंदा असेल आणि त्याला फॅशनच्या बाजारात उतरवायचं असेल, तर नवी डिझाइन्स काढण्याआधी कुठल्या गोष्टीत कोणाचा शब्द शेवटचा, हे घरात ठरवून घ्या. बाजार कधी फिरेल सांगता येत नाही, आणि तो फिरल्यावर भांडत बसायला वेळ नसतो.

आमच्याकडे दर मी काढते. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या जोडाला ५ टक्के जीएसटी आहे, त्यावर गेलं की १८. म्हणजे २,५०० चा जोड गिऱ्हाइकाला २,६२५ ला पडतो आणि २,६०० चा थेट ३,०६८ ला. आपल्या पदरात शंभर जास्त, त्याच्या खिशातून ४४३. म्हणून चपलेवरची चामड्याची वेणी किती बारीक घालायची, टाच किती उंच घ्यायची, हे दर मांडूनच ठरवा. अडीच हजारांच्या जरा वरची किंमत तर ठेवूच नका.

पैसा खरा अडकतो नंबरांत. एक डिझाइन, चार रंग, सहा नंबर आणि प्रत्येकी पाच जोड धरले तरी १२० जोड होतात. मधले नंबर भराभर उठतात, अगदी लहान आणि अगदी मोठे फळीवर पडून राहतात. पुढच्या हंगामात तेच निम्म्या दराने काढायची वेळ येते. तेव्हा पहिली खेप लहान घ्या, दर आठवड्याला नंबरवार विक्री लिहा आणि उठेल तेच पुन्हा करायला द्या. हातकामात हे जमतं, ही आपली मोठी ताकद आहे. फक्त पावसाळा विसरू नका. दमट हवेत चामडं वाळत नाही, बुरशी धरतं. दिवाळी आणि लग्नसराईचं चामडं जूनच्या आत घरात हवं.

चामड्याची निवड मात्र मामंजींची. ते तुकडा दुमडून बघतात, दुमडीवर चीर दिसली की माल परत. तिथे मी तोंड घालत नाही.

बाहेरचा माणूस घ्यायलाही कचरू नका. मुंबईत १९५५ साली कुलाब्यातल्या एका दुकानापासून सुरू झालेली मेट्रो ही चपला-बुटांची कंपनी २०२१ मध्ये शेअर बाजारात आली. मोठा हिस्सा आजही संस्थापकांच्या कुटुंबाकडे आहे, पण सीईओ त्यांनी बाहेरून आणला. आपल्याला सीईओ परवडणार नाही, पण अर्धवेळ हिशेबनीस परवडतो. घरातल्या कामकऱ्यांनाही ठरलेला पगार द्या. गल्ल्यातून उचल बंद झाल्याशिवाय नफा कळतच नाही.

जून २०२५ मध्ये प्राडा या इटलीच्या बड्या फॅशन कंपनीने मिलानमध्ये कोल्हापुरीच्या घाटाच्या चपला दाखवल्या आणि जगभर चर्चा झाली. अशा लाटेत ऑर्डर घेताना आधी कारागीर मोजा. कोल्हापुरी हे नाव ठरावीक भागातल्या मालालाच लावता येतं; २०१९ च्या त्या भौगोलिक मानांकनात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे आहेत, जादा काम तिथल्याच ओळखीच्या घरांत द्या. वेण्या घालणाऱ्या बायकांची मजुरी जोड हातात आला की त्याच दिवशी चुकती करा, गिऱ्हाइकाचे पैसे यायचे असले तरी.