कुंकवाचा करंडा लेथवर: झाकण, पॉलिश पेपर आणि मुंबईची हवा

लेथवर, म्हणजे लाकूड गोल फिरवत कापायच्या यंत्रावर, डबी कातायची म्हटलं की शिकणाऱ्याचं सगळं लक्ष बाहेरच्या आकारावर असतं. मणी किती, खाच कुठे, वर कळस कसा. माझ्या मते डबीचा कस झाकणात लागतो. बोटांनी उचलताना किंचित अडून सुटणारं झाकण हवं, आणि ते जुलैतही सुटायला हवं. मुंबईत हेच अवघड. पावसाळ्यात इथल्या हवेतली आर्द्रता बऱ्याचदा 80 टक्क्यांच्या वर असते. लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, आडवं मात्र फुगतं, आणि तेही सगळीकडे सारखं नाही. गोल झाकण मग जरासं लंबगोल होतं आणि बसलं की निघत नाही.

विक्रोळीतल्या माझ्या गाळ्यात शिकायला येणाऱ्यांच्या हाती मी आधी शिवण (त्या नावाच्या झाडाचं लाकूड) देते. हलकी, पटाशीखाली मऊ, आणि वाळल्यावर फारशी हलत नाही. शिसव दिसायला देखणा, पण त्याची धूळ काहींच्या कातडीला आणि श्वासाला बाधते. मुंबईत आणखी एक सोनं मिळतं: पाडलेल्या जुन्या इमारतींच्या चौकटी आणि जिन्यांचे कठडे. त्यातलं सागवान कित्येक दशकं वाळलेलं असतं. फक्त कापण्याआधी चुंबक फिरवून खिळे शोधा, आणि सागात वाळूसारखा सिलिका असतो म्हणून धार लवकर जाते हे ध्यानात ठेवा.

60 मिमी चौरस, 120 मिमी लांब तुकडा घ्या, लाकडाच्या तंतूंच्या रेषा लांबीच्या दिशेने. लेथच्या दोन टोकांमध्ये अडकवून मिनिटाला साधारण 1000 फेऱ्यांवर गोल करा आणि तुकड्याच्या दोन्ही टोकांना चकमध्ये (लाकूड पकडणाऱ्या जबड्यात) धरण्यापुरती गळी, म्हणजे बारीक गोल भाग, काढा. आता झाकण आणि बूड यांच्यावरून पेन्सिलीची एक उभी रेघ मारा. ही रेघ पुसू देऊ नका. ती जुळवून झाकण बसवलं की दोन्ही भागांच्या रेषा एका दिशेला राहतात, म्हणजे फुगले तरी बरोबर फुगतात. त्यानंतर सर्वांत पातळ पार्टिंग टूलने (तुकडा तोडायच्या अरुंद पटाशीने) झाकण वेगळं करा.

दोन्ही भाग आधी जाडसर पोखरा, भिंत 10 मिमी तरी ठेवा. आडव्या कापाच्या तोंडावर, म्हणजे जिथे रेषांची टोकं दिसतात तिथे, पटाशी मध्यातून कडेकडे चालवा. उलट चालवली तर रेषा उपटून येतात. मग थांबा. पोखरल्यावर लाकडातला अडकलेला ताण सुटतो आणि ते नवा आकार धरतं. मी तुकडे कागदी पिशवीत घालून फळीवर ठेवते आणि अधूनमधून स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तोलते. वजन हलायचं थांबलं की काम पुढे. एसीच्या खोलीत वाळवू नका. डबी जिथे राहणार, तिथल्या हवेत वाळू द्या.

अखेरच्या कामाला झाकणापासून सुरुवात करा. तोंडाशी 8 मिमी खोल, अगदी सरळ भिंतीची खोबण काढा. व्हर्नियरने (बारीक माप घ्यायच्या साधनाने) तोंडाला आणि तळाला दोन्हीकडे मोजा. मग बुडाची, झाकणात बसणारी गळी थोडी निमुळती कापून फिरती असतानाच झाकण तिच्यावर हलकं टेकवा. गळीवर चकाकती कडी उमटते, तेच नेमकं माप. तिथवर सरळ कापत या. झाकण घट्ट बसलं की टेलस्टॉकचा (लेथच्या दुसऱ्या टोकाच्या टेकूचा) आधार देऊन बाहेरचा आकार दोन्हींवर एकत्र कातून घ्या.

या सांध्याला पॉलिश पेपर कधीही लावू नका. पेपर मऊ रेषा जास्त खातो आणि कठीण रेषा कमी, त्यामुळे पटाशीने आणलेली गोलाई जाते. सैल करायचं असेल तर धारदार पटाशीने कागदाइतकी सालं काढा. मे महिन्यात कातत असाल तर पावसासाठी थोडी जास्त मोकळीक ठेवा. ऐन श्रावणात कातलेलं झाकण थंडीत आपोआप सैलावतं.

बाहेरून घासताना आधी टूल रेस्ट (पटाशी टेकवायची पट्टी) काढून ठेवा, वेग 700 फेऱ्यांच्या आसपास आणा. 80 नंबरचा, म्हणजे जाड दाण्याचा, पेपर लागतोय असं वाटलं तर लेथ बंद करा आणि पटाशीला धार लावा, कारण पेपरने आकार सुधारत नाही, कडा मात्र मरतात. चांगल्या कापाला 150 पुरतो. पुढे 180, 240, 320, 400. एकही नंबर गाळू नका. प्रत्येक नंबरनंतर लेथ थांबवून हाताने रेषांच्या दिशेने घासा, म्हणजे गोल ओरखडे निघतात, आणि धूळ झटका, नाहीतर जाड कण पुढच्या पेपरखाली रेघा ओढतात. पेपर वस्तूच्या खालच्या बाजूने धरा. बोटाला चटका बसत असेल तर लाकूडही तापलंय, त्यावर बारीक तडे येतील. दाब कमी करा. 320 आधी ओल्या फडक्याने लेथ बंद असताना पुसा, उभे राहिलेले तंतू पूर्ण वाळू द्या, मग घासा.

ओढणी, लांब मंगळसूत्र, मोकळे केस, बोटाला गुंडाळलेला पेपर: यातलं काहीही फिरत्या लाकडाजवळ नको. पोकळीत बोट घालू नका; पेपर लाकडी काडीला गुंडाळून आत न्या. पॉलिश लावायलाही कापड नको, टिश्यू घ्या, तो अडकला तर फाटतो. मास्क सतत हवा.

बुडाचा तळ करायला टाकाऊ लाकडावर गळी काढून त्यावर डबी उलटी बसवा आणि मध्ये किंचित खोलगट कापा, म्हणजे ती डुगडुगत नाही. स्पिरिटमधला पातळ चपडा (लाखेचं पॉलिश) दोनदा लावा. अत्तराची डबी असेल तर चपडा टाळा, अत्तरात स्पिरिट असेल तर ते त्याला विरघळवतं. तिला तेल बरं. सांध्याला चपडा नाही, फक्त थोडं मेण. आणि आठवडाभर झाकण वेगळंच ठेवा.