सोलापुरात शैवालांवर काम करताय? आधी ऊन आणि क्षार वेगळे करा

एमएस्सीचा प्रकल्प असो की पीएच.डी., शैवालवाल्यांचं शीर्षक बहुतेक ठरलेलंच असतं: 'अमुक तलावातील शैवालांवर हवामानाचा परिणाम'. सोलापुरात राहून हे शीर्षक घेणार असाल तर जरा थांबा. काम सोपं वाटतं, पण फसवतं.

फसवतं ते असं. मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो, तलावाचं पाणी तापतं, मायक्रोसिस्टिस या नील-हरित शैवालाचा हिरवा तवंग धरतो. तुम्ही तापमान आणि पेशींची संख्या एका आलेखावर मांडता, रेषा सुरेख चढते. निष्कर्ष तयार: उष्णता वाढली, नील-हरित शैवाल वाढलं. त्यात खोटं काही नाही. गरम, संथ पाणी त्यांना मानवतंच, आणि पेशीतल्या वायूच्या पोकळ्यांमुळे ती वर तरंगून उजेड पकडतात. पण त्याच मेमध्ये तलाव आटलेलाही असतो. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. कंडक्टिव्हिटी (विरघळलेल्या क्षारांमुळे पाण्यातून वीज किती वाहते ते माप), क्लोराइड, कठीणपणा सगळं चढतं. उथळ झालेल्या पाण्यात वारा तळाचा गाळ ढवळतो आणि गाळातला फॉस्फरस वर येतो. आता सांगा, तवंग उन्हामुळे आला, क्षारांमुळे की फॉस्फरसमुळे?

माझ्या सीसीए आलेखात (शैवालं आणि पाण्याचे घटक यांचा संबंध दाखवणारा, प्रत्येक घटकाला एक बाण) तापमान, कंडक्टिव्हिटी आणि क्लोराइडचे बाण जवळजवळ एकमेकांवर पडले होते. मला ते देखणं वाटलं होतं. सादरीकरणात बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एवढंच विचारलं, "यातला तापमानाचा बाण पुसला तर तुमच्या निष्कर्षात काय बदलेल?" काहीच बदलणार नव्हतं. तिन्ही रकाने एकत्र वाढत असतील तर सॉफ्टवेअर कितीही भारी असू द्या, ते वेगळे करून देत नाही. ते वेगळे व्हावेत असे नमुने आधीच घ्यावे लागतात.

आणि इथे सोलापूर तुमच्या मदतीला येतं. आपल्याकडे जोराचा पाऊस बऱ्याचदा सप्टेंबरमध्ये पडतो आणि त्याच्या मागोमाग ऑक्टोबर हीट. म्हणजे पाणी कोमट, पण तलाव भरलेला, क्षार विरळ. जानेवारी-फेब्रुवारीत उलट: पाणी गार, पातळी उतरायला लागलेली, क्षार चढणीला. मेमध्ये दोन्ही वर. एवढी तुलना हातात असली की ऊन आणि क्षार वेगळे बोलू लागतात. पण ऑक्टोबर म्हणजे परीक्षा आणि दिवाळी, म्हणून नेमका तोच महिना बहुतेकांच्या तक्त्यात रिकामा असतो. लॅबची चावी आधीच मागून ठेवा.

दुसरा मार्ग म्हणजे एकाच उन्हातले वेगवेगळे तलाव. सिद्धेश्वर तलाव, जलपर्णीने गाजलेला कंबर तलाव आणि शहराबाहेरचा हिप्परगा. आभाळ तिघांचं एकच. तरीही शैवालं वेगळी निघाली तर कारण स्थानिक: सांडपाणी, निर्माल्य, जलपर्णीची सावली. युग्लिना (घाण पाण्यात फोफावणारा एकपेशीय जीव) भरपूर दिसली तर आसपास सेंद्रिय घाण कुठून येते ते आधी शोधा, हवामान खात्याचे आकडे नंतर.

उजनी घेणाऱ्यांना तर हात जोडून सांगतो, सोलापूरचा पाऊस त्या तक्त्यात टाकू नका. उजनी भरते पुणे जिल्ह्यातल्या घाटाकडच्या पावसाने, आणि वाटेत पुणे-पिंपरीचं सांडपाणीही घेऊन येते. इथे ढगाचा पत्ता नसताना धरण भरत असतं. शिवाय सुमारे 117 टीएमसीतला निम्म्याहून जास्त मृतसाठा आहे, म्हणजे नेहमीच्या वापरात न धरलेलं तळाचं पाणी. 'उजनी मायनसमध्ये गेली' म्हणजे धरण कोरडं पडलं असं नव्हे.

'सगळं सगळीकडे असतं, परिसर निवड करतो' हे डच शास्त्रज्ञ बास बेकिंग यांचं 1934 चं सूत्र तोंडीत हमखास येतं. पाठ करा, पण त्यावर झोपू नका. महाबळेश्वर-कासच्या जांभ्यावरच्या मृदू, किंचित आम्ल पाण्यात डेस्मिड (एक प्रकारची हिरवी शैवालं) छान मिळतात, आपल्या काळ्या दगडावरच्या कठीण, अल्कधर्मी पाण्यात त्यांची चैन नसते. याला हवामान म्हणायचं की खडक? जांभा बनवला तोही पावसानेच. हवामान बऱ्याचदा असं पाण्याच्या रसायनातून, आडवाटेने पोचतं.

बाकी गोष्टी पटकन. नमुना दर वेळी एकाच तासाला घ्या. दुपारी प्रकाशसंश्लेषणाने पीएच चढतो आणि तुम्ही त्याला ऋतूचा फरक समजता. 20 मायक्रॉनच्या जाळीतून लहान पेशी निसटतात, मोजणीसाठी जाळीविना पाणी हवं. नमुना टिकवणारं लुगॉल हे आयोडीनचं द्रावण फिक्क्या चहाच्या रंगाइतकंच घाला. आम्लात धुण्याआधी डायटम (काचेसारखं सिलिकाचं कवच असलेली शैवालं) जिवंत असताना बघा, कारण धुतल्यावर गाळातून वर आलेलं जुनं कवच आणि कालची जिवंत पेशी सारखीच दिसते.

मागच्या प्रबंधातली प्रजातींची यादी उचलणं हा शॉर्टकट मला अजिबात मान्य नाही. चुकीचं नाव असंच पिढ्यानपिढ्या चालत आलंय. युरोपातल्या चित्रांशी ओढूनताणून जुळवण्यापेक्षा एच. पी. गांधी यांनी कोल्हापूरकडच्या डायटमवर केलेलं काम आधी चाळा. पुण्याच्या आघारकर संस्थेतही डायटमवर काम चालतं, तिथे विचारायला लाजू नका. गाइड नावाजलेला नसला तरी चालेल, सूक्ष्मदर्शकाशी शेजारी बसणारा हवा.

सुरुवातीला काहीच ओळखू येत नाही, ते सगळ्यांचंच होतं. नॅव्हिक्युला या डायटमच्या कवचावरची फट मधोमध, निट्झियाची कडेला, एवढं जमलं तरी पहिल्या वर्षाला पुष्कळ. नाव सापडलं नाही तर 'नॅव्हिक्युला, प्रकार 1' लिहा, लांबी-रुंदी आणि कवचावरच्या 10 मायक्रॉनमधल्या रेघा मोजा, फोटोला स्केल लावा आणि पुढची स्लाइड घ्या.