छोट्या ऑन-रोड आरसी (रिमोटवर चालणाऱ्या) गाड्या हॉलमध्ये पळवायच्या असतील तर

गाडी, रिमोट, सेल, चार्जर यांची आठवण कोणाला करून द्यावी लागत नाही. उत्साहात ते सगळं पिशवीत जातंच. राहते ती फरशी. मागच्या वेळी आमची तीच राहिली. हॉल मिळालेला, मित्र जमलेले, बॅटऱ्या भरलेल्या, आणि पहिल्याच वळणावर प्रत्येक गाडी जागच्या जागी गिरक्या घ्यायला लागली. कोणी म्हणालं टायर खराब, कोणी म्हणालं स्टीअरिंग. दोन्ही ठीक होतं. आदल्या संध्याकाळी त्या हॉलमध्ये कॅरम झाला होता आणि बोरिक पावडर सगळीकडे पसरली होती. म्हणून या यादीत पहिली फरशी, मधे फरशी आणि जमेल तिथे पुन्हा फरशी.

कारण समजून घ्या, म्हणजे कंटाळा येणार नाही. या गाड्या १:२८ च्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या अठ्ठाविसाव्या भागाएवढ्या. खरी गाडी सव्वाचार मीटर लांब असेल तर ही पंधरा सेंटिमीटरच्या आसपास. वजन दोनशे ग्रॅमच्या आतबाहेर, टायर जेमतेम सेंटिमीटरभर रुंद, आणि पोट जमिनीपासून काही मिलिमीटर वर. ताशी २० किलोमीटर हा वेग ऐकायला किरकोळ वाटतो, पण त्या वेगाने तीस फुटांचा हॉल दोन सेकंदांच्या आत संपतो. एवढ्या वेगात एवढीशी गाडी वळवायची ती फक्त रबराच्या पकडीवर. मोठ्या ऑफ-रोड गाडीला मातीखडे चालतात, तिचे टायर त्यासाठीच असतात. हिचे गुळगुळीत असतात. त्यांच्यावर बारीक पावडरीचा थर बसला की पकड संपली.

तर जागा. सोसायटीचा हॉल, शाळेची मोठी खोली, घरातली मोकळी बैठक, काहीही चालेल. पावसाळ्यात तर हा छंद खरा खुलतो, कारण बाहेर काही पळवता येत नाही आणि या गाडीला बाहेर जायचंच नसतं. गच्चीचा कोबा टाळा, खरखरीत पृष्ठभाग टायर खातो आणि सांध्यांवर गाडीचं पोट अडकतं. पार्किंग तर नकोच, तिथे तेल आणि वाळू दोन्ही असतं. चकचकीत व्हिट्रिफाइड टाइलवर पकड मुळात कमी, तरी स्वच्छ असेल तर शिकायला पुरते. एकमेकांत अडकणाऱ्या फोमच्या लाद्यांचा ट्रॅक सगळ्यात उत्तम, पण तो पहिल्याच वेळी विकत घेऊ नका. आधी आवड लागू द्या. हॉल सकाळचा मागा आणि आदल्या रात्री तिथे काय कार्यक्रम आहे हे सेक्रेटरींना विचारून ठेवा. कॅरम, वाढदिवसाचा चमकीचा कागद, हळदीकुंकवाची रांगोळी, यांपैकी काहीही असेल तर सफाईचा वेळ दुप्पट धरा.

गाड्यांबद्दल. या मापाला जगभर ओळख मिळवून दिली ती जपानच्या क्योशो कंपनीच्या मिनी-झेडने, १९९९ पासून. मागच्या चाकांवर चालणारी मिनी-झेड हातात घेतली की कळतं, हे खेळणं नाही. वळताना मागची दोन चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा सुटा डिफरन्शियल, बदलता येणारे पिनियन (मोटरवरचं छोटं दातेरी चाक), मागचा भाग लवचिक ठेवणारी टी-प्लेट, सगळं खऱ्या रेसिंग गाडीच्या विचाराने केलेलं. महाग आहे. त्यामानाने डब्ल्यूएल टॉइजच्या चारही चाकांच्या ओढीच्या गाड्या बऱ्याच स्वस्तात मिळतात आणि नवशिक्याला सोप्या जातात, कारण पुढची चाकंही ओढत असल्याने मागचा भाग सहज सुटत नाही. घेताना एकच बघा: ड्रिफ्टची गाडी घेऊ नका. तिला कडक प्लॅस्टिकची चाकं असतात, ती घसरण्यासाठीच बनवलेली. दिसायला तीच, किंमत तीच, आणि पकडीच्या शर्यतीत तिचा काही उपयोग नाही. शक्यतो सगळ्यांनी एकाच जातीच्या गाड्या घ्या. एक गाडी खूप वेगवान असण्यात मजा नाही. वळणात दोन गाड्या दारं घासत शिरतात, त्यात आहे.

सेल. मिनी-झेडला गाडीत चार ट्रिपल-ए लागतात, दोन्ही कुशींत दोन-दोन. रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइडच वापरा. साधा अल्कलाइन सेल दीड व्होल्टचा आणि हा १.२ चा, म्हणून साधा जास्त चांगला असं वाटतं, पण मोटरने एकदम करंट ओढला की साध्या सेलचा व्होल्टेज पडतो आणि गाडी मरगळते. चार सेलांचा संच एकत्र चार्ज करा, एकत्र वापरा, त्यावर खूण करा. लिथियम पॉलिमर बॅटरीची गाडी असेल तर सरळ इशारा देतो: फुगलेली बॅटरी वापरायची नाही, चार्जिंगला लावून झोपायचं नाही, पळून गरम झालेली लगेच चार्जरला लावायची नाही. आग लागते, हे गंमतीत सांगत नाही. रिमोटचे सेल वेगळे घ्या.

हत्यारं थोडी. छोटा फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर, पण बरोबर मापाचा. मोबाइल दुरुस्तीच्या स्वस्त संचातला ढिला बसला की स्क्रूचं डोकं जातं. प्लॅस्टिकमध्ये स्क्रू परत बसवताना आधी उलटा फिरवा, आटे जागेवर बसल्याचा हलका टक् जाणवला की मगच सुलटा. नाहीतर दरवेळी नवे आटे पडतात आणि चारपाच वेळांत चेसिस निकामी. चाकाच्या नटाचा पाना, चिमटा, टायर आणि रिमच्या मधे लावायची, दोन्हीकडून चिकटणारी पातळ टेप. आणि मास्किंग टेप, भरपूर. तपकिरी पॅकिंग टेप आणू नका, तिचा चिकटा फरशीवर राहतो, आणि फरशीवर काही राहता कामा नये हे वर सांगितलंच आहे.

ट्रॅकच्या कडा. एसीच्या पाइपावर चढवतात ते काळं फोम हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. ते लांब, मऊ आणि हवं तसं वळतं. मास्किंग टेपने चिकटवलं की झाला ट्रॅक. लाकडाची पट्टी किंवा वीट नको, पुढचं स्टीअरिंग तुटतं. रुंदी नवशिक्यांसाठी तीन-चार फूट ठेवा. एक लांब सरळ रेषा, तिच्या शेवटी मोठं वळण, मग एखादा नागमोडी तुकडा, बस. पहिल्या दिवशी अवघड वळणांची हौस करू नका. कपाटं आणि सोफ्याखालच्या फटी मात्र बुजवा, गाडी तिथेच जाते.

आता फरशी. वाचून सोडून देऊ नका, करा. आधी पंख्यांची पाती पुसा, नाहीतर पुसलेल्या फरशीवर तीच धूळ खाली येते. मग कोरडा झाडू, कोपऱ्यांसकट. मग ओलं पोछं, नुसत्या पाण्याचं. फिनेल किंवा सुगंधी लिक्विड घालू नका, त्याचा पातळ थर राहतो आणि तोही निसरडा. सफाईच्या मावशींना हे आधी सांगा, त्या प्रेमाने झाकणभर जास्तच ओततात. पाणी बदला आणि दुसऱ्यांदा पुसा. पावडर पहिल्या पुसण्यात निघत नाही, ती नुसती पसरते. पूर्ण वाळू द्या. मग तळहात फिरवून बघा. हाताला काही लागलं तर तिसऱ्यांदा. चपला दाराबाहेर, मोजेही बाहेर, कारण मोज्यांचे धागे आणि डोक्याचे केस चाकाच्या आसाभोवती गुंडाळले जातात आणि गाडी हळू का झाली हे शोधण्यात अर्धा तास जातो. नाश्ता हॉलमध्ये नाही. चिवड्याचा एक दाणासुद्धा नाही.

फरशी झाली की टायर. मास्किंग टेपचा तुकडा उलटा बोटाला गुंडाळून टायरवरून फिरवा, टेपला काळपट थर येतो तो बघा. प्रत्येक फेरीनंतर हे करा. गाडी घसरायला लागली की आधी टायर पुसा, मग फरशी बघा, स्टीअरिंगला सगळ्यात शेवटी हात लावा. टायर बदलायचेच झाले तर मागे मऊ, पुढे कडक. उलटं केलं तर मागचा भाग सुटतो.

सुरुवात करताना आधी रिमोट चालू, मग गाडी. बंद करताना आधी गाडी, मग रिमोट. आताच्या २.४ गिगाहर्ट्झच्या रिमोटमुळे एकाची गाडी दुसऱ्याच्या हातात जात नाही, पण प्रत्येक गाडी आपापल्या रिमोटशी जोडलेली आहे ना, ते घरीच बघून घ्या. ट्रिम (रिमोटवरची स्टीअरिंग मधोमध आणायची सोय) लावा, सरळ सोडलेली गाडी सरळ गेली पाहिजे. स्टीअरिंगचा कोन कमी करायची चकती असेल तर कमी करा.

चालवताना सगळे एकाच दिशेने. गाडी तुमच्याकडे येत असताना डावं-उजवं उलटं होतं, हे डोक्यात बसायला वेळ लागतो, म्हणून स्वतःला गाडीत बसलेलं समजा. वळणाआधी गॅस सोडा, वळणातून निघताना हळूहळू द्या. एखादी फेरी अशी लागते की गाडी आतल्या कडेला केसभर अंतरावरून जाते आणि सरळ रेषेवर आपोआप सुटते. त्या फेरीनंतर हा छंद सुटत नाही. एकाने ट्रॅकमध्ये उभं राहून उलटलेल्या गाड्या सरळ करायच्या, आळीपाळीने, अनवाणी. मोटरला बोट लावून बघा, चटका बसला तर थांबा.

बाकीचं पटकन सांगतो. लहान मुलांना आधी चालवू द्या. वेळ मोबाइलच्या घड्याळावर घ्या. दुपारी पुन्हा एकदा झाडू. टेप ओढून काढा, फोम गुंडाळा, आसांवरचे केस चिमट्याने काढा. गाडीतले सेल काढून ठेवा. लिथियमची बॅटरी पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी ठेवू नका, दर सेलला ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवा.