थंडीत बॉयलर बंद पडला, तर आधी बाहेरची नळी पाहावी

कडाक्याच्या थंडीच्या रात्रीनंतर सकाळी रेडिएटर गार पडलेले असावेत, नळाला गरम पाणी नसावे आणि घर व पाणी तापवणाऱ्या गॅस बॉयलरच्या पडद्यावर बिघाडाचा संकेत लुकलुकत असावा, अशा वेळी बॉयलर निकामी झाला असे समजून दुरुस्तीवाल्याची वाट पाहण्याकडे आपला कल असतो. प्रत्यक्षात अशा दिवशी बॉयलर पुष्कळदा धडधाकट असतो. त्याच्या पोटातले पाणी घराबाहेर नेणारी प्लॅस्टिकची एक बारीक नळी तेवढी बर्फाने तुंबलेली असते, आणि ती जमिनीवरून हाताला येण्यासारखी असेल तर मोकळी करणे घरच्या माणसालाही जमते.

हे पाणी येते कोठून, हे समजले की पुढचे सगळे सोपे होते. गॅस जळताना पाण्याची वाफ तयार होते. जुने बॉयलर ती धुराड्यातून तशीच सोडून देत. कंडेन्सिंग बॉयलर मात्र बाहेर जाणारे वायू साधारण ५५ अंश सेल्सिअसच्या खाली आणून त्या वाफेचे पाणी करतो आणि त्यातून सुटणारी उष्णता घरासाठी वापरतो. या पाण्याला कंडेन्सेट म्हणतात. बॉयलर जोरात चालू असताना ते तासाला एक-दोन लिटरपर्यंत साठू शकते, आणि ते किंचित आम्लधर्मी असल्याने त्याच्यासाठी तांब्याची नव्हे, तर प्लॅस्टिकची नळी वापरतात. ब्रिटनमध्ये अशा नळ्या घरोघरी बाहेरच्या भिंतीवर दिसतात, कारण इंग्लंड व वेल्समध्ये एप्रिल २००५ पासून नवा गॅस बॉयलर कंडेन्सिंग प्रकारचाच बसवण्याचा नियम झाला. डिसेंबर २०१० हा तेथील १९१० पासूनच्या नोंदींमधला सर्वांत थंड डिसेंबर ठरला, तेव्हा या नळ्यांचा कच्चा दुवा सर्वांच्या लक्षात आला. पाणी धारेने वाहिले तर सहसा गोठत नाही. ते थेंबाथेंबाने झिरपते तेव्हा नळीच्या थंड भिंतीला एकेक पापुद्रा धरत जातो आणि रात्रभरात मार्ग बंद होतो. मग पाणी उलट बॉयलरमध्ये चढते आणि बॉयलर स्वतःच्या सुरक्षिततेसाठी थांबतो.

दोष याच नळीचा आहे का, याची खात्री आधी करून घ्यावी. तापमान शून्याच्या खाली गेलेले असणे ही पहिली खूण. दुसरी खूण आवाजाची: बॉयलर पुन्हा सुरू करू पाहिला की आतून गुडगुडी ओढल्यासारखा आवाज येतो, ज्वाला पेटू पाहते आणि विझते. मात्र गॅसची शेगडीसुद्धा पेटत नसेल तर अडचण गॅसपुरवठ्याची आहे, आणि दाबमापकाचा काटा एक बारच्या बराच खाली असेल तर यंत्रणेतले पाणी कमी झालेले आहे. या दोन्ही वेळी नळीवर गरम पाणी ओतून काही साधणार नाही. पडद्यावरचा संकेत प्रत्येक उत्पादकाचा वेगळा असल्याने तो पुस्तिकेतच पाहावा. गॅसचा वास येत असेल तर यातले काहीही न करता घराबाहेर पडून आपत्कालीन सेवेला कळवावे.

नळी ओळखताना एक गल्लत होऊ शकते. बॉयलरपासून तांब्याचीही एक नळी भिंतीतून बाहेर येते आणि तिचे तोंड बहुधा भिंतीकडेच वळवलेले असते. ती सुरक्षा झडपेची असते आणि तिला हात लावायचा नसतो. आपली नळी पांढऱ्या, करड्या किंवा काळ्या प्लॅस्टिकची असते, बॉयलरच्या तळातून निघते आणि बाहेर गटाराच्या जाळीपर्यंत किंवा सांडपाण्याच्या उभ्या पाइपपर्यंत जाते. बर्फ बहुतेक वेळा तिच्या उघड्या तोंडाशी, एल्बोमध्ये (नळीच्या वळणावरच्या जोडात) किंवा नळी जिथे आडवी धावते आणि मधे झोळ पडलेला असतो तिथे धरतो. शोधाची सुरुवात तोंडापासून करून वर सरकत जावे.

वितळवण्यासाठी पाणी गरम असावे, पण उकळते नसावे, कारण गारठलेल्या प्लॅस्टिकला एकदम उकळते पाणी लागले तर ते तडकू शकते. बोटाला सोसेल इतके गरम पाणी झारीने नळीच्या बाहेरून, संशयाच्या जागेवर सावकाश सोडत राहावे. झारीची धार एका जागी धरता येते, म्हणून बादलीपेक्षा ती बरी. गरम पाण्याची पिशवी नळीला बांधून ठेवली तरी चालते, आणि एल्बोवर तर तीच अधिक उपयोगी पडते. ज्योतीचा दिवा, हीट गन किंवा ओल्या अंगणात ओढून आणलेला केस वाळवण्याचा ड्रायर यांपैकी काहीही वापरू नये. नळी उंचावर असेल तर निसरड्या जमिनीवर शिडी लावण्याचे धाडस करू नये. ते काम सरळ तंत्रज्ञाकडे द्यावे. ओतलेले पाणी पायवाटेवर साचून थोड्याच वेळात पुन्हा बर्फ होते, म्हणून तिथे लगेच मीठ टाकावे.

तोंडातून पाणी भळकन बाहेर आले की मार्ग मोकळा झाला असे समजावे आणि पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे बॉयलर रिसेट करावा. दोन-तीन प्रयत्नांनंतरही तो पेटत नसेल तर पुन्हा पुन्हा बटण दाबत बसू नये. बॉयलरचे झाकण उघडून आतला सायफन काढून पाहण्याचा मोह तर अजिबात नको: त्या सायफनमध्ये साठलेले पाणीच धुराड्यातले विषारी वायू घरात येण्यापासून अडवते, आणि ते काम फक्त गॅसच्या कामासाठी नोंदणी केलेल्या तंत्रज्ञाचे आहे.

थंडी ओसरेपर्यंत एक तात्पुरती युक्ती करता येते. रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याचे तापमान वाढवावे आणि रात्री हीटिंग पूर्ण बंद न करता थर्मोस्टॅट १५ अंशांच्या आसपास ठेवून चालू ठेवावे. परत येणारे पाणी अधिक गरम असले की वाफेचे पाणी कमी होते, आणि जे होते तेही ऊन असते. यात गॅस जास्त जळतो, म्हणून हवा सुधारताच मूळ मांडणीवर यावे.

खरा उपाय मात्र नळी नीट बसवून घेणे हाच आहे, आणि माझ्या मते एकदा गोठलेली नळी तशीच ठेवणे म्हणजे पुढच्या हिवाळ्यात तेच काम पुन्हा ओढवून घेणे होय. शक्य असेल तर ती घराच्या आतूनच सांडपाण्याच्या पाइपला जोडून घ्यावी. ते जमत नसेल तर बाहेरचा भाग जितका आखूड तितका चांगला. तीन मीटरच्या पुढे तो जाऊ देऊ नये. अनेक घरांत बाहेरही २१.५ मिलिमीटरची बारीक नळी तशीच पुढे नेलेली आढळते. भिंतीबाहेर ३२ मिलिमीटरची घालून घ्यावी. दर मीटरला सुमारे ४५ मिलिमीटर उतार सलग असावा आणि एल्बो कमीत कमी असावेत. वरून पाणी न शिरणारे आणि उन्हाने न कुजणारे उष्णतारोधक आवरण शेवटपर्यंत चढवावे; जुने कापड गुंडाळणे निरुपयोगी, कारण ते भिजते आणि नळीबरोबर तेही गोठते. फारच उघड्या जागी नळीवर विजेची तापती तार लावून घेता येते. जाळीवर संपणारे नळीचे तोंड ४५ अंशांत तिरके कापलेले असावे, म्हणजे शेवटचा थेंब तिथे लोंबकळत राहून बर्फाची गुठळी धरत नाही.