जोडीचा नंबर स्ट्रॅटामध्येच द्या
समजा, नाशिकच्या निफाड तालुक्यातले दम्याचे रुग्ण घेतले, प्रत्येकाला त्याच गावातला, त्याच वयाचा, दमा नसलेला एकजण जोडला आणि विचारलं: द्राक्षबागेत फवारणी करता का? असा डेटा प्रत्येक जोडीचा डमी (त्या जोडीला १, बाकीच्यांना ० असा वेगळा रकाना) घालून साध्या लॉजिस्टिक रिग्रेशनमध्ये (हो-नाही उत्तरांसाठीच्या मॉडेलमध्ये) अजिबात चालवू नका. १८ जोड्यांत फक्त रुग्ण फवारणी करणारा, ६ जोड्यांत फक्त त्याचा जोडीदार, तर ऑड्स रेशो (फवारणी करणाऱ्यांत दम्याचे ऑड्स किती पट, ते माप) १८ भागिले ६, म्हणजे ३. डमीवालं मॉडेल ९ दाखवतं, थेट ३ चा वर्ग! 'आर' या सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये सर्व्हायव्हल पॅकेजमधलं क्लॉजिट (जुळवलेल्या जोड्यांसाठीचं लॉजिस्टिक रिग्रेशन) वापरा, जोडीचा नंबर स्ट्रॅटामध्ये, म्हणजे गट सांगायच्या जागी, द्या. वयाचा परिणाम त्यातून मिळणार नाही. ते आधीच जुळवलंय. आणि एकाचं उत्तर रिकामं राहिलं की अख्खी जोडी वाया जाते, म्हणून फॉर्म गावातून निघण्याआधीच तपासा.